भरावाकडे आधी बघा, पुलाकडे नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: वैभववाडी–कोल्हापूर रेल्वेमार्गाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. प्रश्नकर्त्यांचं गाव करूळ घाटाच्या पायथ्याजवळ आहे. सह्याद्री चढायचा म्हणजे मोठे पूल आणि बोगदे आलेच. अशा वेळी गावाचं आणि जवळच्या बाजारपेठेचं नेमकं काय होतं? जमिनीसाठी एजंट फिरताहेत, त्यांना हो म्हणावं का? आणि रखडलेलं घराचं बांधकाम आत्ता काढावं की थांबावं?

मी स्थापत्य अभियंता आहे. माझं बरंचसं आयुष्य रेल्वेचे भराव (रुळांसाठी घातलेले मातीचे उंच बांध), मोऱ्या (भरावाखालून पाणी जायच्या वाटा) आणि पूल यांच्या कामावर गेलं. हल्ली ग्रामपंचायतींना रेल्वेचे आणि रस्त्यांचे नकाशे वाचून दाखवतो. त्यामुळे उत्तर लांबलं तरी पूर्ण देतो.

हा मार्ग २०१६-१७च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला, लांबी सुमारे १०७ किलोमीटर. मंजुरी आणि प्रत्यक्ष रूळ यांत किती वर्षं जातात हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण म्हणून स्वस्थ बसू नका. गावाच्या हातात जे काही असतं ते आखणी पक्की होण्याआधीच असतं. खांब उभे राहिल्यावर मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात, फोटो छापून येतात, आणि मोरी आहे तिथेच राहते.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळचा धडा म्हणजे कोकण रेल्वे. १९९० साली महामंडळ स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल, ९०हून अधिक बोगदे, आणि जमीन गेलेले खातेदार ४० हजारांहून जास्त. अभियांत्रिकी म्हणून ते काम केवढं मोठं आहे हे मी जवळून जाणतो आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तुमचा प्रश्न गावाचा आहे, म्हणून गावाच्या बाजूने बोलतो.

लोकांना धास्ती असते ती उंच पुलाची. माझं सांगणं उलटं आहे. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल घ्या. लांबी ४२४ मीटर, उंची ६४ मीटर. वरचा सांगाडा एका टोकाला ओतून हळूहळू पुढे ढकलत नेण्याची पद्धत भारतात पहिल्यांदा वापरली गेली ती तिथे. पुलाखाली उभं राहून बघा. नदी तिच्या वाटेने वाहते, गुरं जातात, पायवाट शाबूत आहे, झाडंही परत वाढली आहेत. जमीन गेली ती मुख्यतः खांबांच्या पायापुरती आणि कामासाठी घेतलेल्या जागेपुरती. आता तिथून निघून कुठल्याही आठ-दहा मीटर उंचीच्या भरावाशेजारी जा. वाडीचे दोन तुकडे झालेले दिसतील. इकडे घरं, तिकडे शेती. पाण्याचा पाट एका बाजूला थांबलेला. समोर दिसणारी शाळा, पण मुलांना फेरा मारून जावं लागतं. गावाला जन्मभर पुरतो तो हा भराव. भराव स्वस्त पडतो आणि पूल महाग, त्यामुळे हिशेब करणारा शक्य तिथे भरावच धरतो. म्हणून नकाशा हातात आला की पहिला प्रश्न विचारा: आमच्या हद्दीत भराव कुठून कुठपर्यंत, किती उंच, आणि त्यात मोऱ्या किती? भरावाऐवजी चार गाळ्यांचा (गाळा म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा) पूल मागणं ही अवास्तव मागणी नाही. आखणीच्या टप्प्यावर अशा मागण्या मान्य झालेल्या मी पाहिल्या आहेत.

मोरीचं एक उदाहरण जवळून सांगतो, गावाचं नाव देत नाही. डोंगराकडून दोन वहाळ, म्हणजे ओढे, येत होते, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. सर्वेक्षण झालं उन्हाळ्यात. एक वहाळ वाहता होता, दुसरा कोरडा, झुडपांनी भरलेला. नकाशावर दुसऱ्याला मोरी मिळाली नाही. भरावाच्या कडेने चर काढून त्याचं पाणी पहिल्याच्या मोरीकडे वळवलं. कागदावर हे बिनचूक होतं, क्षेत्रफळ आणि पाऊस धरून मोरीचा आकारही बरोबर बसत होता. पहिल्याच पावसाळ्यात डोंगराची माती उतरून चर भरला. वरच्या अंगाच्या भातखाचरात गुडघाभर पाणी साचून राहिलं, आणि खालच्या अंगाला, जिथे दुसऱ्या वहाळाच्या पाण्यावर वायंगण (पावसाळ्यानंतरचा) भात आणि नंतर कुळीथ व्हायचा, तिथे मार्गशीर्षापासूनच जमीन सुकायला लागली. एका मोरीने दोन वाड्यांचं नुकसान केलं, एकीचं जास्त पाण्याने आणि दुसरीचं पाणी तोडल्याने. तो कोरडा दिसणारा वहाळ आषाढात कसा वाहतो हे गावातल्या कुठल्याही बाईमाणसाने सांगितलं असतं. विचारायला कोणी गेलं नाही आणि गावानेही मोजणीच्या दिवशी फक्त आपापल्या हद्दीचे दगड बघितले.

म्हणून माझा आग्रह असतो, या पावसाळ्यात गावाने स्वतःचा पाण्याचा नकाशा करावा. तरुण मुलांना मोबाइल घेऊन पाठवा. प्रत्येक वहाळ, पऱ्या, पाट, झरा याचा भर पावसातला फोटो घ्या, जागा नोंदवा. त्याच्यासोबत पुराची खूण नोंदवा. पुलाच्या नकाशावर ‘एचएफएल’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे आजवरची सर्वोच्च पूरपातळी. पुलाची उंची आणि गाळा ठरतो तो त्यावरून. ही पातळी कधी जुन्या नोंदींवरून धरतात, कधी गणिताने काढतात, आणि कधी साइटवर आलेला माणूस गावात विचारून लिहितो. त्या वेळी समोर भेटलेल्या एकाने हाताने दाखवलं तेवढ्यावर पुढच्या शंभर वर्षांचा पूल ठरू नये. देवळाच्या कितव्या पायरीला पाणी लागलं होतं, कोणत्या साली, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून द्या. ठराव फाइलला लागला की अभियंत्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं.

याला कायद्याचा आधारही आहे आणि तो गावांना फारसा ठाऊक नसतो. रेल्वे कायदा १९८९, कलम १६. रेल्वेमुळे जमिनीच्या वापरात जो खंड पडतो तो भरून काढण्यासाठी लागणारे ओलांडे, पूल, मोऱ्या, वाटा बांधणं हे रेल्वे प्रशासनाचं कर्तव्य आहे. लगतच्या जमिनीतलं पाणी रेल्वे होण्याआधी जितकं मोकळं वाहत होतं तितकंच वाहील एवढ्या आकाराची कामं करणंही त्यात येतं. पण त्याच कलमात दोन अटी आहेत. मार्गावर वाहतूक सुरू होऊन १० वर्षं झाली की अशी जादा कामं करून देण्याची सक्ती रेल्वेवर राहत नाही. आणि अमुक वाट किंवा मोरी नको म्हणून एखाद्याने मोबदला घेतला असेल, तर ती मागण्याचा हक्क जातो. त्या १० वर्षांनंतर किंवा नेमून दिलेल्याहून जास्त काही हवं असेल तर कलम १७ प्रमाणे खर्च मागणाऱ्याने करायचा. कोकणात गावोगावी मोऱ्यांच्या तक्रारी ऐकायला मिळतात, पण मार्ग सुरू होऊन पंचवीस वर्षांहून अधिक काळ उलटला, मुदत केव्हाच संपली. तुमच्याकडे अजून एक खडीसुद्धा पडलेली नाही. हा फरक फार मोलाचा आहे.

वाटेचंही असंच. नव्या मार्गांवर आता फाटकं ठेवत नाहीत, वरून पूल किंवा खालून भुयारी वाट देतात. भुयारी वाट नकाशावर छान दिसते. प्रत्यक्षात तिची उंची कमी ठेवली तर गवताने भरलेला टेम्पो अडतो, अग्निशमनची गाडी अडते, आणि तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली गेला की जून ते सप्टेंबर ती वाट नसून तळं असतं. उंची किती, तळाची पातळी किती, पाणी स्वतःच्या उताराने बाहेर जातं की पंप लावणार, आणि पंपाचं बिल कोण भरणार, हे चारही प्रश्न लेखी विचारा. पंपाच्या भरवशावरची भुयारी वाट स्वीकारू नका. वीज जाते तेव्हाच पाऊस सगळ्यात जास्त असतो.

नदीतल्या पुलाबद्दल थोडं. कायमच्या खांबांपेक्षा मला काळजी असते ती तात्पुरत्या कामांची. खांबांचा पाया घ्यायला नदीत मातीचे बांध घालतात, यंत्रं नेण्यासाठी पात्रात रस्ता करतात. काम झाल्यावर ते पूर्ण काढायचे असतात. काढले असं बिल निघतं, पण अर्धा मुरूम पात्रातच बसतो आणि पुढच्या पुरात खालच्या वळणावर साचतो. घाटाखालच्या नद्या आखूड आणि रागीट. पाणी चढायला तासही लागत नाही. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीला पूर आला तेव्हा चिपळूणजवळच्या रेल्वेपुलाशी पाणी धोक्याच्या पातळीला गेलं, गाड्या जागोजागी थांबल्या, आणि शहर पहिल्या मजल्यापर्यंत बुडालं. त्या पुराला एक कारण नव्हतं. अतिवृष्टी होती, भरती होती, वर्षानुवर्षं गाळाने उथळ झालेलं पात्र होतं. रेल्वेवर खापर फोडणं बरोबर नाही. पण त्यानंतर गाळ काढावा म्हणून चिपळूणकरांना साखळी उपोषणाला बसावं लागलं, ते लक्षात ठेवा. पुलाचं काम सुरू होण्याआधी पात्राची मोजणी करून घ्या, काम संपल्यावर परत करून घ्या. दोन मोजण्यांतला फरक कंत्राटदाराने भरून द्यायचा, अशी अट मागा.

तुमचा तालुका डोंगरकटाईचं दुखणं जाणतो. २२ जून २००३च्या रात्री कारवारहून मुंबईला जाणारी विशेष गाडी वैभववाडीजवळ कटिंगमध्ये कोसळलेल्या दरडीवर आदळली आणि ५० हून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ला, महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्स्प्रेस दरडीमुळेच पुलावरून खाली गेली. या दोन अपघातांनंतर उतार सौम्य करणं, जाळ्या बसवणं, गस्त वाढवणं, पावसाळ्यात वेग उतरवून वेगळं वेळापत्रक चालवणं, हे सगळं आलं. यात गावाने समजून घ्यायची गोष्ट ही की कटिंगचा उतार सौम्य ठेवायचा तर वरची जागा जास्त लागते. जमीन वाचवायची म्हणून सरळसोट कापलेला डोंगर पुढे धोक्याचा ठरतो, आणि मग पुन्हा जमीन मागायला येतात. तुमच्याकडचा वरचा जांभ्याचा थर दिसायला कठीण असतो, त्याच्याखाली पिवळी-पांढरी चिकणमाती असते, पाणी मुरलं की ती साबणासारखी निसटते. कटिंगच्या डोक्यावर वाडी असेल तर तिथे बोगदा का नाही, हा प्रश्न विचारायला कचरू नका.

बोगद्याने वरची जमीन वाचते, पण विहिरींकडे लक्ष ठेवावं लागतं. डोंगराच्या भेगांत मुरलेलं पाणी बोगद्यात पाझरायला लागलं की वरचे झरे आटू शकतात. गोव्यात पेडण्याचा बोगदा मऊ मातीतला. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला व्हायला उशीर झाला त्याचं ते मुख्य कारण. तिथे ऑगस्ट २०२०मध्ये आतली भिंत ढासळली आणि जुलै २०२४मध्ये पाणी-चिखल आत आला, दोन्ही वेळा गाड्या वळवाव्या लागल्या. बोगदा झाला तरी पाणी आपली जुनी वाट सोडत नाही. म्हणून सोपी गोष्ट करा. गावातल्या प्रत्येक विहिरीची, झऱ्याची एप्रिल-मेमधली पातळी दर वर्षी मोजून ग्रामपंचायतीच्या वहीत लिहा, तलाठ्यासमोर सही करून. पुढे विहीर आटली आणि भरपाई मागायची वेळ आली तर ही वही हाच पुरावा. ‘आमच्या विहिरीला बारमाही पाणी होतं’ हे तोंडी वाक्य कुठल्याही सुनावणीत टिकत नाही.

आखणीवर बोलून काही फरक पडतो का, अशी शंका लोक घेतात. गोव्यात पडला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे किनाऱ्याजवळच्या दाट वस्तीतून आणि खाजण जमिनींतून जाणाऱ्या आखणीला मोठा विरोध झाला. खाजण म्हणजे खाडीच्या कडेला बांध आणि मानशी (पाणी अडवायची-सोडायची दारं) घालून राखलेली भातशेती. तिच्यावर भराव टाकला की भरती-ओहोटीचं सगळं गणित बिघडतं. काम थांबलं, न्यायमूर्ती ओझा आयोग बसला. मार्ग अंतर्भागातून न्यावा ही मूळ मागणी मान्य झाली नाही हे खरं, पण त्या वादामुळे खाजण, जुन्या गोव्याची चर्चेस, करमळीचं तळं हे विषय अभियंत्यांच्या टेबलावर आले. नुसता विरोध असता तर तेवढंही झालं नसतं. तिथले लोक पर्यायी आखणी घेऊन उभे होते.

आता बाजारपेठेकडे येतो. रेल्वेने गाव वाढतं हे अर्धं खरं आहे. वाढतं ते स्टेशन, आणि स्टेशन गावात असेलच असं नाही. कोकण रेल्वेच्या वेळापत्रकात ‘रोड’ शेपूट असलेली नावं बघा: सावंतवाडी रोड, राजापूर रोड, संगमेश्वर रोड. सावंतवाडीचं स्टेशन मळगावात, शहरापासून कित्येक किलोमीटर. राजापुरात उतरून शहरात जायचं म्हणजे आणखी एक प्रवास. महाडसारखं जुनं व्यापारी गाव मार्गावर आलंच नाही, महाडकरांना वीर स्टेशन गाठावं लागतं. याउलट कणकवली, कुडाळ इथे स्टेशन गावाला लागून, हमरस्ताही जवळ, आणि तिथली बाजारपेठ कशी फुलली ते तुम्ही रोज बघता. रत्नागिरीचं स्टेशन कुवारबावला, आणि शहर त्या दिशेने सरकलं. दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ले ही किनाऱ्याकडची गावं, एके काळी बोटींमुळे मुंबईला जोडलेली, रेल्वेच्या नकाशावर मागच्या अंगाला गेली.

वैभववाडीला स्टेशन आहेच. कोल्हापूरकडचा फाटा तिथून निघाला तर ते जंक्शन होईल, आणि जंक्शनला कर्मचारी वसाहत, यार्ड, खानपान, लॉज, रिक्षा हे सगळं मागोमाग येतं. त्याच्यासोबत कचरा, सांडपाणी आणि पिण्याच्या पाण्याची ओढही येते. लहान नगरपंचायतीने ही तयारी आधी करायला हवी. पण घाटातल्या वाड्यांना स्टेशन मिळेल या आशेवर राहू नका. चढाच्या मार्गावर थांबे मोजकेच असतात. मुख्य मार्गावरही कडवई, वेरवली, खारेपाटण रोड आणि तुमच्याच तालुक्यातलं आचिर्णे ही स्थानकं मार्ग सुरू झाल्यावर दोन दशकांनी झाली, तीसुद्धा बरीचशी गाड्यांच्या क्रॉसिंगची सोय म्हणून. स्टेशनसाठी मागणी करताना जोडीला जोडरस्ता आणि एसटीचा थांबा याची मागणी त्याच अर्जात करा. रात्री दोनला गाडी येते आणि स्टेशनबाहेर अंधार, अशा स्टेशनाचा बाईमाणसाला उपयोग नाही.

गाडी जाते पण थांबत नाही, ही कोकणाची जुनी सल आहे. बहुतांश एकेरी मार्ग, त्यावर केरळ-गुजरात-दिल्लीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या. मालवाहतुकीतही तेच. रो-रो सेवा, म्हणजे भरलेला ट्रकच रेल्वेवर चढवून नेणं, १९९९ पासून आहे. ट्रक कोलाडला चढतो आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतो, अधल्यामधल्या गावांचा त्याच्याशी संबंध येत नाही. हापूसचा बहुतेक माल आजही रस्त्यानेच वाशीला जातो, कारण बागेतून पेटी थेट ट्रकमध्ये चढते, स्टेशनवर मधली चढ-उतार परवडत नाही. तुमच्या मार्गाचं मोठं गिऱ्हाईक बंदराकडे जाणारा माल असेल. तेव्हा गावातून मालगाड्या जातील, माल चढवायची सोय मात्र मागितल्याशिवाय मिळणार नाही. कोल्हापूरची भाजी, दूध, गूळ आत्ताच घाटातून खाली येतो, तो आणखी स्वस्तात येईल. वैभववाडीच्या ग्राहकाला ते बरं, भाजी पिकवणाऱ्याला कठीण. काजू, कोकम, मासळी वर जाऊ शकते, पण त्यासाठी शीतगृह आणि पार्सलची वेळ जमायला हवी. शेतकरी गटांनी हे आत्ताच मांडावं.

आणि एक समज मला मनापासून खोडावासा वाटतो. रेल्वे आली की मुंबईला जाणं थांबेल, असं १९९०मध्ये आम्ही सगळेच ऐकत होतो. २००१ ते २०११ या दशकात, म्हणजे रेल्वे सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण दशकात, रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी घटली. रेल्वेनेच माणसं नेली असं मी म्हणत नाही, जन्मदरही उतरला होता. पण रेल्वेने ती थांबवली नाहीत एवढं नक्की. तिने वेगळं काम केलं. चाकरमान्याला गणपतीला, शिमग्याला, आईच्या आजारपणात रातोरात घर गाठता आलं. म्हाताऱ्या माणसांना मुंबईच्या इस्पितळात बसून-झोपून नेता आलं. बंद घरांची कुलुपं वर्षातून दोनदा जास्त उघडली. हे लहान नाही. कोल्हापूर जोडलं गेलं तर तुमच्याकडच्या मुलांना कॉलेज, मोठं इस्पितळ, मार्केट यार्ड हे सगळं मुंबईच्या मानाने फार जवळ येईल, आणि या मार्गाचा मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो याच फायद्याचा. त्यासाठी सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशी पॅसेंजर हवी. पहिल्या दिवसापासून मागणी तीच ठेवा, एक्स्प्रेसचा थांबा दुय्यम.

जमिनीचं बोलू. एजंटला आत्ता जमीन देऊ नका. आखणी सर्वेक्षणात अनेकदा सरकते, त्यामुळे तुमची जमीन जाणार की राहणार हे त्यालाही ठाऊक नसतं. तो साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र करून घेतो, मग मोबदला त्याच्या हातात आणि हेलपाटे तुमच्या पायात. भूसंपादन विशेष रेल्वे प्रकल्प म्हणून रेल्वे कायद्याने झालं तर अधिसूचनेपासून ३० दिवसांत हरकत द्यायची असते. हे दिवस डोळ्यांत तेल घालून मोजा. मोबदल्याचे निकष २०१३च्या भूसंपादन कायद्याचे लागतात: आजूबाजूच्या, मागच्या तीन वर्षांतल्या नोंदणीकृत खरेदीखतांवरून दर, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, झाडं, विहिरी, बांधकाम यांचं वेगळं मूल्यांकन. खरेदीखतात किंमत कमी दाखवायची आपली जुनी सवय इथे आपल्याच अंगावर येते. कलमांची मोजणी होताना स्वतः हजर राहा. आंबा किती वर्षांचा, काजू उत्पन्न देतो की नाही, यावर रक्कम बदलते.

पण कोकणात मोबदला अडतो तो दरापेक्षा सातबारामुळे. एका सातबारावर तीस-चाळीस नावं, त्यांतली निम्मी मयत, उरलेली मुंबई-पुण्यात, दोन घरांचं बोलणं बंद. निवाडा होतो, रक्कम ठरते, आणि वाटपावर वाद म्हणून पैसे प्राधिकरणाकडे जमा होऊन पडतात. जमीन मात्र गेलेली असते. पुढच्या गणपतीत सगळी भावकी घरी येईल तेव्हा आरतीनंतर तासभर बसा. वारसनोंदी कोणाच्या राहिल्यात, कोण कागद आणणार, कोणाच्या नावे कुळकायद्याची नोंद आहे, आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन) आहे का, हे लिहून काढा. तलाठी कार्यालयाची ही कामं सवडीने होतात, घाईत कधीच होत नाहीत. आणि ‘जमिनीच्या बदल्यात नोकरी’ हे भाषणातलं वाक्य हिशेबात धरू नका. कोकण रेल्वेचे प्रकल्पग्रस्त त्यासाठी किती वर्षं झगडले ते आठवा. लेखी धोरण दाखवा म्हणावं.

कामाची चार-सहा वर्षं गावाला सगळ्यात जड जातात. डंपर, खडीचे क्रशर, सुरुंग, परगावचे शेकडो मजूर. भाडी चढतात, दुकानं चालतात, हा पैसा खरा आहे, पण काम संपलं की तो जातो. त्यावर कर्ज काढून दुमजली लॉज बांधणाऱ्यांची पुढे ओढाताण होते. सुरुंग सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा, चिऱ्याच्या घरांना तडा गेल्यावर तो जुना की नवा यावरच वाद होतो. डिसेंबर-जानेवारीत मोहोराच्या दिवसांत डंपरच्या रस्त्यावर दिवसातून किती वेळा पाणी मारायचं हे करारात असतं, ते मारलं जातं का ते बागायतदारांनी रोज बघावं. धूळ बसलेल्या मोहोराला फळ धरत नाही. चांगली बाजूही आहे. काश्मीर मार्गावर, जिथे चिनाब नदीवर पात्रापासून ३५९ मीटर उंचीचा पूल झाला, तिथे यंत्रं न्यायलाच २०० किलोमीटरहून अधिक जोडरस्ते काढावे लागले आणि आधी गाडी न पाहिलेली खेडी त्यांच्यावर आली. तुमच्या घाटातही असे रस्ते निघतील. काम संपल्यावर ते कोणाकडे जाणार, डांबरीकरण करून जिल्हा परिषदेकडे वर्ग होणार का, हे आधी ठरवून घ्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत त्यांचे ओहोळ होतात.

राहिलं घर. आखणी पक्की नसताना नुसत्या अफवेवर बांधकाम थांबवू नका, वर्षं निघून जातात. मात्र तालुक्यातून सर्वेक्षणाचा ताजा नकाशा माहिती अधिकारात मागवा आणि तुमचा गट त्यावर कुठे पडतो ते बघा. रेषा जवळ असेल तर जोत्याची जागा शक्य तेवढी लांब घ्या. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायला पुढे रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो, आणि रात्रीच्या मालगाडीचा दणका त्याच्याही पुढे जाणवतो. ग्रामपंचायतीची परवानगी, घरपट्टीची नोंद, वीजजोडणी हे सगळं रीतसर करून ठेवा. बिनपरवाना घराला मूल्यांकनात फार कमी मिळतं. नकाशा हाती आला की गट नंबर लपवून मला दाखवलात तरी चालेल, भराव, मोऱ्या आणि पातळ्या वाचून सांगेन.